शरद ऋतूत गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स

‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर कडक निर्बंध होते. स्टीफन्स यांनी मायदेश सोडला आणि १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून भारताकडे निघाले.

हा सागरप्रवास साडेसहा महिन्यांहून अधिक काळ चालला. अपुरे अन्न व पाणी यांमुळे गलबतावर सुमारे दीडशे जण आजारी पडले. त्यांपैकी सत्तावीस दगावले. अखेर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी त्यांनी गोव्याच्या भूमीवर पाऊल ठेवले.

तो शरद ऋतू होता. या दिवसांत इंग्लंडमध्ये झाडांची पाने पिवळी पडून गळू लागतात आणि थंडीची चाहूल लागते. गोव्यात मात्र पाऊस नुकताच सरलेला असतो, आकाश निरभ्र होते, शेतात भात कापणीला येते आणि माडांच्या राया हिरव्यागार असतात. तीन आठवड्यांच्या आतच, १० नोव्हेंबर रोजी, फादरांनी आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. गोव्यात झालेल्या प्रेमळ स्वागताचा त्यांनी त्यात कृतज्ञतेने उल्लेख केला. द्राक्षवेल सोडल्यास युरोपातील एकही झाड त्यांना येथे आढळले नव्हते. येथील फळाझाडांचे वर्णन करायचे तर तेवढेच लांब दुसरे पत्र लिहावे लागेल, असे त्यांना वाटले. पुढे १५८३ मध्ये बंधूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तेल, माडी, साखर, काथ्या आणि बारमाही फळ देणाऱ्या माडाचे कौतुक केले. त्याच पत्रात त्यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले.

निसर्गाविषयीचे हे कौतुक भाषेवरील प्रेमात परिणत झाले. गोव्यातील साष्टी भागात सुमारे चाळीस वर्षे सेवा करताना त्यांनी कोकणी व मराठी आत्मसात केली. प्रभू येशूची जीवनगाथा सांगणारे, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. परंतु त्यातील मराठीचा गौरव आजही मराठी माणसाला अभिमान वाटावा असाच आहे.

१६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत. परक्या भूमीचे वैभव आनंदाने पाहणारा हा धर्मगुरू त्याच भूमीच्या भाषेला आपले सर्वस्व देऊन गेला.