बेवड जाणणारा शास्त्रज्ञ

हरभऱ्याच्या बेवडावर पुढचे पीक जोमाने येते, हे आपल्याकडील निरक्षर शेतकऱ्यालाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विद्यापीठीय विद्येला ते ज्ञान वाटत नव्हते, एवढेच. त्या विद्येच्याच गोटातून येऊन या ज्ञानापुढे नम्र झालेले इंग्रज शास्त्रज्ञ म्हणजे सर आल्बर्ट हॉवर्ड.

१८७३ साली श्रॉपशायरमधील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेले हॉवर्ड केंब्रिजमध्ये शिकले आणि १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. आले ते शिकविण्यासाठी. परंतु भोवतालची निरोगी पिके पाहून त्यांनी शेतकऱ्यांचेच शिष्यत्व पत्करले. तेथे तृणधान्याच्या जोडीला कडधान्य असे, ज्वारी-बाजरीत तूर असे. हे मागासलेपण नव्हे, यामागे जमिनीची जाण आहे, हे त्यांनी ओळखले.

जमीन ही सूक्ष्म जिवांची वस्ती आहे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतील नत्र बांधतात. मुळांशी सख्य करणाऱ्या बुरशा स्फुरद पुरवितात. प्रत्येक पिकाच्या मुळांतून निराळी द्रव्ये पाझरतात व त्यांवर निराळे जीव पोसले जातात. वर्षानुवर्षे एकच पीक घेतले, की त्यावर जगणारी रोगकारक बुरशी माजते. तुरीचा मर रोग असाच. त्यावरील पायाभूत संशोधन हॉवर्ड यांच्या काळी पुशातच बटलर यांनी केले. तुरीबरोबर ज्वारी घेतल्यास मर कमी होतो, हे प्रयोगाने दिसले ते मात्र १९८० च्या दशकात, हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये. शेतकऱ्याने तुरीचे तास कोणाला विचारून धरले नव्हते!

१९२४ पासून हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदुरात संशोधनसंस्था चालविली. तेथील कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. त्याविषयीच्या १९३१ च्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. ते आज किती जणांना आठवते?

हॉवर्ड यांचे सारेच बरोबर नव्हते. मुळांवरील बुरशीत त्यांना पिकांच्या आरोग्याची जवळजवळ सारी किल्ली दिसली. तेथे ते पुराव्याच्या पुढे धावले. रासायनिक खतांवरील त्यांचा रोषही एकांगी होता. १९४७ च्या ऑक्टोबरात ते वारले.

त्यांच्या इंदूरभोवतीच्या माळव्यात आज खरिपात दृष्टी पोहोचेल तेथवर सोयाबीन असते. तेही गाठी धरणारेच पीक. पण बहुधा एकटे. विदर्भात मात्र सोयाबीनमध्ये तुरीचे तास धरणारे शेतकरी अजून आहेत.