कवळाण्याचा गोपाळ महाराज झाला, बडोद्याला ११३ एकरांची बाग मिळाली, आणि त्याच बागेत एक दिवस बाबासाहेब बसले

परभणीत सकाळी लवकर बाहेर पडलं की कृषी विद्यापीठाच्या आवारात चालणारी मंडळी दिसतात. संध्याकाळी राजगोपालाचारी उद्यानात लेकरं घसरगुंडीवर आणि म्हातारीकोतारी बाकावर. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. बाग आहे म्हटल्यावर कुणीही जाणार, बसणार.

पण बाग ही कायमच कुणाचीही जागा नव्हती. बागा असायच्या त्या राजाच्या, नवाबाच्या, सरदाराच्या. बाहेर भिंत आणि भिंतीला दरवाजा. सामान्य माणसाला फुलांचा वास आला तर तेवढाच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. स्पेनमधल्या माद्रिदची रेतिरो बाग घ्या. आज तिथे लोक होड्या वल्हवतात, गवतावर लोळतात. पण ही मूळची राजाची बाग. मध्यंतरी काही अटींवर लोकांना आत सोडायला लागले, पण ती खऱ्या अर्थाने शहराची झाली ती १८६८ मध्ये, राणी इसाबेलला क्रांतीने गादीवरून घालवल्यावर. बार्सिलोनाची गाउदीने बांधलेली ग्वेल बागही आधी श्रीमंतांच्या बंगल्यांची वसाहत म्हणून सुरू झाली होती. घरं विकली गेली नाहीत, योजना बारगळली, मग शहराने ती जागा विकत घेतली आणि १९२६ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली.

रेतिरो शहराची झाली त्यानंतर अकराच वर्षांनी, १८७९ मध्ये, बडोद्यात एक बाग सुरू झाली. गुजरातमधल्या या मराठी संस्थानाच्या गादीवर तेव्हा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचं नाव सयाजीराव गायकवाड.

शेतकऱ्याच्या घरातून थेट राजवाड्यात

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ चा, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाण्याचा. मूळ नाव गोपाळ. वडील काशीराव. आडनाव गायकवाड असलं तरी राजघराण्याशी नातं लांबचं आणि पोटापाण्याचं साधन शेती. गोपाळ गावातल्या इतर पोरांसारखा रानात, मातीत वाढला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याचं म्हणावं तसं शिक्षण झालं नव्हतं.

१८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना गादीवरून काढलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. मुलांचा शोध कवळाण्यापर्यंत आला. निवड गोपाळची झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

मग सुरू झालं शिक्षण. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, हिशेब, इतिहास. त्याच्याच जोडीला घोडेस्वारी आणि तालीम. रानातलं मोकळं आयुष्य गेलं, पण अंग मेहनतीची सवय सुटली नाही.

या काळात राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते. राज्याची विस्कटलेली घडी त्यांनी बसवली. विश्वामित्री नदीच्या काठावरची ती मोठी बागही याच काळातली. लोक तिला कमाटी बाग म्हणू लागले. आज तिचं नाव सयाजीबाग. आकार सुमारे ११३ एकर. आत झाडं, हिरवळ आणि प्राणिसंग्रहालय.

बाग नुसती शोभेची नव्हती

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हातात पूर्ण अधिकार आले. वय अठरा. कामाचा झपाटा इतका की काही वर्षांतच तब्येत ढासळली. झोप लागेना. त्यातच १८८५ मध्ये पहिल्या पत्नी चिमणाबाई वारल्या. शेवटी हवापालट म्हणून १८८७ मध्ये ते पहिल्यांदा युरोपला गेले.

त्यानंतर युरोपच्या वाऱ्या होतच राहिल्या. इंग्रज सरकारला ते आवडायचं नाही. १९०० मध्ये तर व्हाइसरॉय कर्झनने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर बंधनं घालणारं परिपत्रकच काढलं. पण सयाजीराव तिकडे नुसते फिरत नव्हते. शाळा, ग्रंथालयं, संग्रहालयं बघायचे आणि चांगलं दिसेल ते बडोद्यात कसं आणता येईल याचा विचार करायचे.

कमाटी बागेत १८९४ मध्ये संग्रहालयाची इमारत उभी राहिली. पुढे तिच्या शेजारी चित्रदालन आलं. संग्रहालयात इजिप्तची ममीसुद्धा आहे. म्हणजे बघा, ज्याला बडोद्याची वेस ओलांडायची ऐपत नाही, त्यालाही फिरता फिरता जग बघायला मिळावं अशी ही सोय होती.

बागकामाला माणसंही निवडून आणली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग या इंग्रज तज्ज्ञाने केली. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेले क्रुम्बिगेल नावाचे जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ मध्ये बडोद्याला आले. हेच गृहस्थ पुढे बंगळूरला गेले आणि तिथल्या लालबागेचा कायापालट करणारे म्हणून नावाजले.

शहराला पाणी मिळावं म्हणून आजव्याला तलाव बांधला गेला. तो सयाजी सरोवर. शाळा, पाणी, ग्रंथालय आणि बाग, या चारही गोष्टी त्यांच्या हिशेबी एकाच यादीतल्या होत्या. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू झालं.

तालमीची परंपराही बडोद्यात जोरात होती. जुम्मादादांच्या आखाड्यातून आलेले प्रोफेसर माणिकराव तिथलेच. मराठीतला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोशही बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला.

आणि मग आला सप्टेंबर १९१७

सयाजीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, शिष्यवृत्त्या दिल्या होत्या. १९१३ मध्ये अशीच एक शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. करार असा की शिक्षणानंतर बडोदा संस्थानात नोकरी करायची.

करार पाळायला बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला आले. परदेशातल्या नामांकित विद्यापीठात शिकलेला माणूस, संस्थानात अधिकारी म्हणून नेमलेला. पण त्याला राहायला खोली कुणी देईना. शेवटी नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. काही दिवसांतच बिंग फुटलं. हातात काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना तिथून निघावं लागलं. सरकारी घर मिळालं नव्हतं. ओळखीच्या दोघांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही कारणं सांगितली.

मुंबईची गाडी रात्री होती. मधले काही तास काढायचे कुठे?

बाबासाहेब कमाटी बागेत जाऊन बसले.

सयाजीरावांच्या राज्यात त्या दिवशी त्यांना एकही दार उघडं मिळालं नाही. मिळाली ती ही बाग, कारण तिच्यात बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. राजाचा हुकूम शाळेपर्यंत पोचला, कचेरीपर्यंत पोचला, पण लोकांच्या घरात आणि मनात शिरला नाही. सयाजीरावांच्या कारकिर्दीची उंची आणि मर्यादा, दोन्ही एकाच दिवशी एकाच झाडाखाली दिसल्या.

त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात. दरवर्षी २३ सप्टेंबरला हजारो लोक तिथे नतमस्तक व्हायला जातात.

शेवट

सयाजीरावांनी जवळपास चौसष्ट वर्षं राज्य केलं. पण घरात दुःखं एकामागून एक आली. फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंगराव हे तिन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. गादीवर नातू प्रतापसिंहराव आले. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं.

गादी गेली, संस्थान गेलं. बाग मात्र राहिली. आजही सुट्टीच्या दिवशी बडोद्याची लेकरं तिथे प्राणी बघतात, घरचे लोक डबा सोडून हिरवळीवर जेवतात. कुणाला नाव विचारलं जात नाही, आडनाव तर नाहीच.

तेव्हा यंदा दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन बडोद्याला गेलात, तर राजवाडा बघाच. पण अर्धा दिवस सयाजीबागेसाठी राखून ठेवा. आणि तेवढ्या लांब जाणं जमलं नाही, तर आपल्या परभणीच्या उद्यानातल्या बाकावर बसताना एवढं आठवा की बाक फुकट असणं ही साधी गोष्ट नाही. एके काळी एका मोठ्या माणसाला अख्ख्या शहरात तेवढाच मिळाला होता.