विश्लेषण : मुलांच्या खेळण्यातून घडली पहिली सॉफ्ट लेन्स, कोण होते ऑटो विख्तर्ले?

चष्मा नको म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांत आज मऊ, पाणी शोषलेली सॉफ्ट लेन्स असते. ती बनवण्याची पद्धत शोधणारे चेक रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्तर्ले यांचा प्रकल्प सरकारने बंद केला होता. त्यानंतर त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, मुलांच्या खेळण्यातील पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र उभे केले. त्यांना कोणत्या अडचणी आल्या आणि ही लेन्स नजर सुधारते कशी, याविषयी…

लेन्स डोळ्यात नेमके काय करते?

डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवून मागच्या दृष्टिपटलावर एकत्र आणणे, हे डोळ्याचे मुख्य काम. डोळ्याची प्रकाश वाकवण्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातील ४० हून अधिक डायॉप्टर एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याचे असतात. मायनस नंबर असलेल्यांच्या डोळ्यात प्रकाशकिरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात. त्यामुळे फळ्यावरचे अक्षर किंवा बसवरची पाटी अंधुक दिसते. मध्ये पातळ आणि कडेला जाड असलेले भिंग किरणांना थोडे पसरवते आणि प्रतिमा मागे, योग्य जागी जाते. प्लस नंबरसाठी भिंगाचा आकार उलटा असतो.

चष्मा हेच काम डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवरून करतो. कॉन्टॅक्ट लेन्स अश्रूंच्या पातळ थरावर तरंगत थेट कॉर्नियावर बसते. अंतर कमी झाल्यामुळे मोठे नंबर बदलतात. चष्म्याचा उणे ८ नंबर लेन्समध्ये साधारण उणे ७.२५ होतो. चष्म्याचा नंबर सांगून लेन्स मागवू नये, त्याचे हे एक कारण.

मग अडचण कुठे होती?

प्रकाशशास्त्राचे गणित १९ व्या शतकातच सुटले होते. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे काम करणारे जर्मन नेत्रवैद्य अॅडॉल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या कॉन्टॅक्ट लेन्सविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांची लेन्स डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी, जवळपास दोन सेंटिमीटर रुंद आणि जड होती. ती काही तासांपलीकडे सहन होत नसे. १९४८ मध्ये अमेरिकेतील केव्हिन टूही यांनी फक्त कॉर्नियापुरती छोटी प्लास्टिक लेन्स आणली. वजन आणि आकार कमी झाला, पण ते प्लास्टिक कडक होते आणि त्यातून ऑक्सिजन जवळजवळ जात नसे.

इथेच खरी मेख आहे. कॉर्निया पारदर्शक राहावा म्हणून त्यात रक्तवाहिन्याच नसतात. त्याला लागणारा बराचसा ऑक्सिजन हवेतून, अश्रूंमध्ये विरघळून मिळतो. त्यावर हवाबंद झाकण बसवले की कॉर्निया सुजतो आणि नजर धूसर होते. म्हणजे भिंगाचा आकार ठरला होता, डोळ्याला चालणारा पदार्थ मिळत नव्हता. तो पदार्थ शोधला विख्तर्ले यांनी.

कोण होते विख्तर्ले?

ऑटो विख्तर्ले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराव्हियातील प्रोस्त्येयोव या गावी झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडिलांचा शेतीची अवजारे बनवणारा मोठा कारखाना होता. मुलाने मात्र प्रागमध्ये रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९३६ मध्ये पदवी मिळवली.

प्राध्यापकी सुरू होते न होते तोच युद्ध आले. नाझी जर्मनीने नोव्हेंबर १९३९ मध्ये चेक विद्यापीठे बंद केली. विख्तर्ले यांना झ्लिन शहरातील बाटा कंपनीच्या संशोधन विभागात जागा मिळाली. आपल्याकडे चपला-बुटांसाठी घरोघरी माहीत असलेली बाटा ती हीच. तिथे त्यांच्या चमूने १९४१ मध्ये नायलॉनच्या जातीचा कृत्रिम धागा तयार केला. पुढे तो सिलॉन नावाने ओळखला गेला. १९४२ मध्ये जर्मन गुप्त पोलिसांनी, म्हणजे गेस्टापोने त्यांना पकडले. काही महिन्यांनी सुटका झाली. युद्ध संपल्यावर ते प्रागला परतले, अध्यापन करू लागले आणि रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तके लिहिली.

सॉफ्ट लेन्सची कल्पना कुठून आली?

१९५२ मध्ये आगगाडीच्या प्रवासात सहप्रवाशाच्या हातात नेत्रवैद्यकाचे नियतकालिक होते. डोळ्यात बसवण्याच्या धातूच्या रोपणाविषयी त्यात मजकूर होता. शरीरातील ऊतींशी जुळवून घेईल असे प्लास्टिक धातूपेक्षा अधिक योग्य ठरेल, असे विख्तर्ले यांना वाटले आणि दोघांत चर्चा सुरू झाली.

प्रागला परतल्यावर त्यांनी सहकारी द्राहोस्लाव लीम यांच्यासह काम हाती घेतले. हायड्रॉक्सीएथिल मेथॅक्रिलेट, म्हणजे हेमा या रसायनापासून त्यांना हवा तसा पदार्थ मिळाला. कोरडा असताना तो कडक आणि ठिसूळ असे, पाण्यात टाकला की सुमारे ४० टक्के पाणी शोषून मऊ होई. तो पारदर्शक होता, विरघळत नव्हता आणि त्यातील पाण्यातून ऑक्सिजन पलीकडे जाऊ शकत होता. १९५३ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. १९६० मध्ये या पदार्थावरचा दोघांचा निबंध ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

प्रकल्प का थांबला?

पदार्थ हाती आला, पण लेन्स जमेना. दोन साच्यांच्या मध्ये रसायन घट्ट करून लेन्स काढताना तिच्या कडा फाटत. कड जराशी खडबडीत राहिली तरी ती पापणीला टोचते.

दुसरीकडे राजकारण आडवे आले. कम्युनिस्ट राजवटीच्या शुद्धीकरण मोहिमेत १९५८ मध्ये विख्तर्ले यांना प्रागच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून काढून टाकण्यात आले. मात्र त्यांचे संशोधन देशाला हवे होते. पुढे विज्ञान अकादमीने बृहद्‌रेणू रसायनशास्त्राची नवी संस्था काढली आणि तिचे संचालकपद त्यांनाच दिले. पण लेन्समधून काही निष्पन्न होणार नाही, असे ठरवून आरोग्य मंत्रालयाने तो प्रकल्प बंद केला.

स्वयंपाकघरातील यंत्र कसे चालत होते?

विख्तर्ले यांनी काम घरी नेले. १९६१ च्या नाताळात त्यांनी मेर्कुर या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या आणि चाके जोडली. आपल्याकडील मेकॅनोसारखेच हे खेळणे. मुलाच्या सायकलचा डायनॅमो मोटार म्हणून वापरला आणि त्याला दारावरच्या घंटीच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज दिली. साचे आणि रसायन सोडण्याच्या काचेच्या नळ्याही त्यांनी स्वतःच बनवल्या.

कल्पना साधी होती. बादलीतील पाणी गोल ढवळले की मध्ये खळगा पडतो आणि पाणी कडेने वर चढते. त्याचप्रमाणे खोलगट साच्यात द्रव रसायन घालून साचा गरगर फिरवायचा आणि फिरत असतानाच ते घट्ट होऊ द्यायचे. लेन्सची बाहेरची बाजू साच्यामुळे घडते, डोळ्याकडची बाजू फिरण्याच्या वेगामुळे. वेग बदलला की खळग्याची वक्रता बदलते आणि त्याबरोबर लेन्सचा नंबरही. दुसरा साचाच नसल्याने कड फाटण्याचे कारण उरत नाही. ती पातळ आणि गुळगुळीत होते. शेवटी लेन्स पाण्यात भिजवायची.

पत्नी लिंडा यांच्या मदतीने त्या नाताळात पहिल्या चार लेन्स तयार झाल्या. विख्तर्ले यांनी त्या स्वतःच्याच डोळ्यांत घातल्या. नंबर जुळत नव्हता, पण टोचत काहीच नव्हते. काही दिवसांतच पेटंटचा अर्ज तयार झाला. नंतर जास्त साचे फिरवणारी यंत्रे आली, तेव्हा डायनॅमो कमी पडू लागला आणि ग्रामोफोनची मोटार लावावी लागली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत या दांपत्याने ५,५०० लेन्स बनवल्या.

शोधाचा फायदा कोणाला झाला?

पेटंटचे हक्क सरकारी यंत्रणेकडे होते. १९६५ मध्ये अमेरिकेतील नॅशनल पेटंट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने ते घेतले. तिच्याकडून उत्पादनाचा परवाना बॉश अँड लॉम्बला मिळाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७१ मध्ये मंजुरी दिली आणि सॉफ्ट लेन्स बाजारात आली. पुढे हा उद्योग जगभर पसरला. संशोधकाच्या वाट्याला त्या उलाढालीचा अगदी किरकोळ भाग आला.

लेन्स अमेरिकेत पोहोचण्याआधीच मायदेशी त्यांची खुर्ची गेली होती. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात राजकीय सुधारणांचे वारे वाहत असताना ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. सही मागे न घेणाऱ्यांवर कारवाई सुरू झाली आणि १९७० मध्ये विख्तर्ले यांचे संचालकपद काढून घेण्यात आले. ज्या वर्षांत त्यांची लेन्स जगाच्या बाजारात जम बसवत होती, त्याच वर्षांत त्यांना देशात संशोधन करणे अवघड झाले होते.

१९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. १९९० मध्ये ७६ वर्षांचे विख्तर्ले चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले आणि देशाची फाळणी होईपर्यंत त्या पदावर राहिले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी मोराव्हियातील स्त्राझिस्को येथे त्यांचे निधन झाले. ३८९९ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्यांचे नाव आहे.

आजच्या लेन्स वेगळ्या आहेत का?

हेमाच्या लेन्समध्ये ऑक्सिजन फक्त पाण्यातून जातो, म्हणून त्याला मर्यादा आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल आले. त्यातील सिलिकॉनमधूनच ऑक्सिजन सहज जातो. तरीही डोळे मिटून झोपल्यावर पुरवठा घटतोच, शिवाय जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्यामुळे डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय लेन्स घालून झोपू नये.

पाणी शोषण्याचा गुणच दुसरी काळजीही घ्यायला लावतो. नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात अमीबासारखे सूक्ष्मजीव असू शकतात. ते लेन्सला चिकटून कॉर्नियाला गंभीर इजा करू शकतात. लेन्स आणि तिची डबी फक्त लेन्सच्या द्रावणानेच धुवावी, आंघोळीपूर्वी आणि पोहण्यापूर्वी लेन्स काढावी. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा धूसर दिसू लागले, तर लेन्स लगेच काढून नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

डबीबाहेर राहिलेली सॉफ्ट लेन्स सकाळी कडक, चुरगळलेल्या कपच्यासारखी सापडते. पाणी उडून गेले की हा पदार्थ पुन्हा मूळ, ठिसूळ रूपात येतो. ती द्रावणात भिजवून मऊ झाली तरी पुन्हा डोळ्यात घालू नये, टाकून द्यावी.