आकाश सर्वांसाठी : नवाब जफर जंग

आपल्या अंबरपेठेला लागूनच उस्मानिया विद्यापीठ. तिथल्या खगोलशास्त्राच्या अभ्यासाचे मूळ एका सरदाराच्या छंदात आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

नवाब जफर जंग हे निजामांच्या दरबारातील सरदार. त्यांनी इंग्लंडहून १५ इंची दुर्बीण आणवून १९०१ साली फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा उभारली. सहाव्या निजामांच्या परवानगीने तिला ‘निजामिया’ हे नाव दिले. ताऱ्यांची छायाचित्रे घेणारी ८ इंची दुर्बीणही त्यांनी मिळवली.

एवढे वैभव वाड्यातच राहिले असते, तर धन्यामागे गंजून गेले असते. पण आपल्यानंतर वेधशाळा सरकारने चालवावी, अशी त्यांची इच्छा होती. १९०७ साली ते वारले. पुढच्याच वर्षी सरकारने ती ताब्यात घेतली आणि बेगमपेठेत हलवली.

जगातल्या वेधशाळांनी तेव्हा आकाशाचे पट्टे वाटून घेऊन छायाचित्रे काढायचे काम हाती घेतले होते. त्यातला एक पट्टा हैदराबादकडे आला. काचेच्या तबकड्यांवर टिपलेल्या साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांची नोंद १२ खंडांत छापली गेली. १९१९ साली वेधशाळा उस्मानियाकडे आली.

ते खंड पाहणे नवाबांच्या नशिबी नव्हते. आम्हांला वाटते, एखाद्या निरभ्र रात्री मुलांना गच्चीवर नेऊन तारे दाखवावेत. नवाबांचे स्मरण त्यातच आहे.