पुण्यात तयार होणाऱ्या मलेरिया लसीचा धागा जातो चिमण्यांवर प्रयोग करणाऱ्या रोनाल्ड रॉसपर्यंत

मेरठच्या उठावाला तीनच दिवस झाले होते. 13 मे 1857 रोजी अल्मोड्यात एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी रोनाल्ड रॉस जन्मले. पोराला रस कवितेत आणि संगीतात, पण वडिलांचा हट्ट की डॉक्टरच व्हायचं. झाले, आणि 1881 साली नोकरीला भारतात आले.

1894 साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना मलेरियाचे जंतू दाखवले आणि डासांवर संशय घ्यायला शिकवलं. मग सिकंदराबादेत रॉस डास चिरत बसले. हुसेन खान नावाच्या रुग्णाला त्यांनी डास चावून घ्यायला लावले, दर डासामागे एक आणा देऊन! 20 ऑगस्ट 1897 रोजी अशाच एका डासाच्या पोटाच्या भिंतीवर मलेरियाचे जंतू वाढताना दिसले.

काम ऐन रंगात आलं आणि सरकारने त्यांची बदली केली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला. तिथे मलेरियाच नव्हता. सरकारी खातं ते सरकारी खातंच.

1898 साली कलकत्त्याला आल्यावर त्यांनी चिमण्यांना होणारा मलेरिया अभ्यासायला घेतला. मदतीला महंमद बक्ष होते. जुलैमध्ये डासाच्या लाळग्रंथीत सुईसारखे बारीक जंतू सापडले. असे डास चावल्यावर निरोगी चिमण्याही आजारी पडल्या. म्हणजे मलेरिया शरीरात शिरतो तो डासाच्या लाळेतून.

1902 चं नोबेल एकट्या रॉस यांना मिळालं. माणसाचा मलेरिया ॲनाफिलीस डास पसरवतो हे दाखवणाऱ्या इटलीच्या ग्रासींशी मात्र त्यांचं भांडण कधीच मिटलं नाही. इतक्या मोठ्या माणसाला ते शोभलं नाही.

लाळेतले ते जंतू म्हणजे स्पोरोझोइट. चावल्यावर ते रक्तातून यकृतात जातात, तिथे लपून एकाचे हजारो होतात आणि मग तांबड्या पेशींवर तुटून पडतात. ताप येतो तो तेव्हा. यकृतातला हा मुक्काम शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी 1948 साली शोधला. रॉस 1932 सालीच गेले होते.

आजच्या दोन्ही लसी, आरटीएस,एस आणि आर21, शरीराला याच स्पोरोझोइटच्या अंगावरचं प्रथिन ओळखायला शिकवतात, म्हणजे जंतू यकृतात पोचण्याआधीच अडवता येईल. यातली आर21 ऑक्सफर्डने शोधली. ती बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, आणि तिथून आफ्रिकेतल्या लहान मुलांपर्यंत जाते.