सरफोजीराजे आणि तंजावरचा इसाप

इसापाच्या गोष्टी मराठीत प्रथम कोठे छापल्या गेल्या असे विचारले, तर बहुतेक जण मुंबई किंवा पुणे असेच उत्तर देतील. बापू छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली निघाली आणि तिच्यावर महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्या वाढल्या, हे खरेच. परंतु तिच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, दूर कावेरीकाठी तंजावरास इसाप मराठी बोलू लागला होता. त्याला बोलते करणारे सरफोजीराजे भोसले बृहन्महाराष्ट्रातील आपणां सर्वांचे पूर्वसूरी होत.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापिलेल्या या राज्याच्या घराण्यात सरफोजींचा जन्म १७७७ साली झाला. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले व आपल्या मृत्यूपूर्वी श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाती सोपविले. गादी मात्र तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली. लहान सरफोजी जवळजवळ नजरकैदेत राहिले. त्यांच्या शिक्षणाकडेही कोणी पाहिना. श्वार्ट्झने खटपट करून १७९३ साली त्यांना मद्रासेस हलविले, तेव्हा कोठे विद्येचा मार्ग मोकळा झाला. धर्म न सोडता त्यांनी या गुरूवर पित्यासारखे प्रेम केले आणि फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले.

१७९८ मध्ये गादी मिळाली. पुढच्याच वर्षीच्या तहाने कंपनीने राज्यकारभार आपल्याकडे घेतला; राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, नेमून दिलेली रक्कम आणि उत्पन्नातील वाटा. आम्हां सरकारी नोकरांना निवृत्तिवेतन साठी गाठल्यावर मिळते. या राजाला ते ऐन बाविशीत मिळाले! दुसरा एखादा नाचगाण्यांत व शिकारीत बुडाला असता. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले, धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करविले, नेत्ररोग्यांच्या उपचारांची टिपणे ठेवविली, काशीयात्रेहून पोथ्या आणल्या. एवढ्यावरच स्वतंत्र ग्रंथ होईल.

आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते त्यांच्या छापखान्यातील एक लहानसे पुस्तक, ‘बालबोधमुक्तावली’. सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या या इसापाच्या कथा. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्यांची गणना होते. पुण्यात तेव्हा पेशवाई अजून नांदत होती. व्यंकोजींबरोबर आलेल्या मराठी कुटुंबांच्या चार-पाच पिढ्या तोवर तमिळ मुलखात गेल्या होत्या. रस्त्यावर तमिळ, गाण्यात तेलुगू, साहेबापुढे इंग्रजी, आणि मराठी घरात व दप्तरात. अशा ठिकाणी मुलांच्या हाती छापील मराठी गोष्ट देणे म्हणजे काय, हे परमुलखात मुले वाढविणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

पंचतंत्र घरचे असताना इसापच का? विष्णुशर्म्याने आपल्या गोष्टी राजपुत्रांना राज्य राखण्याची विद्या शिकविण्यासाठी सांगितल्या. इसाप परंपरेप्रमाणे गुलाम होता. त्याच्या कथांत दुर्बळाने बलवंतांच्या जगात कसे जगावे याचा विचार फार. सिंहाचे जाळे उंदीर कुरतडतो, वादळात महावृक्ष उन्मळून लव्हाळी वाचते. पण लांडग्यापुढे कोकराचा खरेपणा मात्र काही कामी येत नाही. राज्य गेलेल्या राजाने हाच कथाकार निवडावा, हा निव्वळ योगायोगही असेल; आम्हांस तसे वाटत नाही. हल्लीचे पालक त्या कोकराला शेवटी वाचवून टाकतात, ते आम्हांस पटत नाही. न्याय आपल्या बाजूस असूनही हरावे लागते, हे मुलाला प्रथम गोष्टीतून कळणे बरे. आयुष्यात ते कळावयाचेच आहे.

१८३२ साली सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये औरस पुत्रावाचून वारले आणि कंपनीने उरलेसुरले राजपदही खालसा केले. तंजावरची मराठी मात्र तहाच्या कलमांत बसणारी नव्हती. तमिळ वळण घेतलेली ती बोली तेथील मराठी घरांत पुढेही बोलली गेली. दक्षिणेच्या यात्रेत बृहदीश्वराचे दर्शन घेणाऱ्यांनी मंदिराच्या आवारात भोसले वंशाचा इतिहास सांगणारा, सरफोजींनी १८०३ साली कोरविलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख मुलांना अवश्य दाखवावा. सरस्वती महाल तेथून फार दूर नाही.