वि.स. पागे

विठ्ठल सखाराम पागे (जन्म : २१ जुलै, १९१०, मृत्यू : १६ मार्च, १९९०) हे स्वातंत्र्यसैनिक, सर्वोदयी विचारांचे राजकारणी आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

कारकीर्द

पागे हे सांगली जिल्ह्यातील. राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतिपद हे प्रत्यक्ष कारभाराचे पद नव्हे. तरीही त्यांचे नाव राहिले ते एका कारभारविषयक कल्पनेमुळे.

रोजगार हमी योजना

दुष्काळ जाहीर झाल्यावर सरकार कामे काढी आणि पाऊस पडताच ती बंद होत. शेतमजुराचे रिकामे महिने मात्र दरवर्षीच येत. मागेल त्याला अंगमेहनतीचे काम देणे हे शासनाचे बंधन असावे, अशी पागे यांची मांडणी होती. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांनी ही कल्पना लहान प्रमाणावर करून पाहिली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात १९७२ मध्ये तिला राज्य योजनेचे रूप मिळाले. १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमास दोन्ही सभागृहांनी एकमताने मान्यता दिली आणि तो २६ जानेवारी, १९७९ पासून अमलात आला. काम न मिळाल्यास बेकारभत्त्याची तरतूद होती, पण त्याची किमान रक्कम दिवसाला अवघा एक रुपया होती.

पैसा कोठून आणायचा, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी १९७५ मध्ये नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. विक्रीकर व मोटार वाहन करावरील अधिभार आणि बागायती जमिनीवरील उपकर यांची त्यात भर पडली, आणि जमा होणाऱ्या रकमेइतकीच रक्कम राज्य शासनाने घालावी असे ठरले. व्यवसाय कराचा मोठा हिस्सा मुंबईतून येई. अशा रीतीने शहरी पगारातील कपात खेड्यातील मजुरी बनली. गरीब कोण, हे ठरवण्यासाठी दाखला लागत नसे. कमी मजुरीवर माती उपसायला सुखवस्तू माणूस येत नाही, हीच चाळणी होती. पुरुष व स्त्रिया यांना कामाच्या मापानुसार समान दर असल्याने स्त्रियांची संख्या मोठी राहिली.

मर्यादा

पाझर तलाव व रस्ते यांचा लाभ मजुरापेक्षा जमीनदार शेतकऱ्यास अधिक झाला, ही टीका रास्त आहे. पुढील काळात निधीत रक्कम शिल्लक राहत असूनही कामाची मागणी पूर्ण होत नसे. चंद्रपूर जिल्हा आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा येथे अडचण निराळी होती. तेंदूपानाचा हंगाम आणि धानाची रोवणी सोडली तर मजुरीची साधने थोडी, आणि जमीन बहुतांश वनखात्याची. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर तेथे तलाव वा रस्त्याचे काम काढायला केंद्राची परवानगी लागू लागली. जुन्या मालगुजारी तलावांचा गाळ काढणे वा बोड्या खोदणे यांसारखी कामे म्हणूनच तेथे महत्त्वाची ठरतात.

वारसा

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची मुख्य प्रेरणा महाराष्ट्राची योजना होती. मात्र त्यात प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची मर्यादा होती, जी मूळ योजनेत नव्हती. २ फेब्रुवारी, २००६ रोजी पहिल्या टप्प्यात तो महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही होते.